रेक्लमेशनची शाळा आणि फाटकाबाहेरचा रस्ता

वांद्रे पश्चिमेला रेक्लमेशनवर के. सी. मार्ग आहे. समुद्रात भराव टाकून केलेली ही जमीन. या एकाच रस्त्यावर अपंगत्वाशी नाते असलेल्या दोन मोठ्या संस्था आहेत. एक केंद्र सरकारची, १९८३ साली सुरू झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था. तिचे काम वाचा आणि श्रवणदोषांचे. दुसरी स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया. तिचे आजचे नाव 'ॲडॅप्ट', म्हणजे 'एबल डिसेबल्ड ऑल पीपल टुगेदर'. जुने वांद्रेकर अजून 'स्पॅस्टिक सोसायटी'च म्हणतात, म्हणून या लेखातही दोन्ही नावे येतील.

स्मरणिकेतला इतिहास म्हटला की भूमिपूजने, कोनशिला आणि देणगीदारांची यादी ओघाने येते. त्यात वावगे काही नाही. त्याशिवाय संस्था उभ्या राहत नाहीत. पण स्पॅस्टिक्स सोसायटीच्या पन्नासएक वर्षांत जे सर्वांत मोलाचे घडले ते कुठल्या कोनशिलेवर सापडणार नाही. एका आईने मुलांसाठी काढलेल्या संस्थेत मुले मोठी झाली आणि 'आमच्याबद्दल तुम्ही बोललात तेवढे पुरे, आता आम्ही बोलतो' असे म्हणू लागली. हा बदल सोपा नव्हता. त्याचे धागे वांद्र्यापुरते राहिले नाहीत, अंधेरी, घाटकोपर, बोरिवलीपर्यंत पसरलेल्या उपनगरांच्या रोजच्या जगण्यात ते गुंतलेले आहेत.

मुंबईत अशा संस्था बहुतेक पालकांनीच काढल्या. १९४४ साली वकील आडनावाच्या दाम्पत्याने आपल्या जय या मुलीसाठी शाळा सुरू केली. शिवडीची जय वकील शाळा ती हीच. पोलिओ झालेल्या मुलीसाठी वणवण केलेल्या फातिमा इस्माईल यांनी १९४७ मध्ये अपंग मुलांच्या पुनर्वसनाची संस्था उभारली. हाजी अलीचे मुलांचे अस्थिरुग्णालय त्यातूनच उभे राहिले. सरकारकडे याला वेळ नव्हता आणि समाजाला हा ज्याच्या त्याच्या नशिबाचा भाग वाटत होता. राहता राहिले घर. घरातही बहुधा आईच.

स्पॅस्टिक्स सोसायटी काढणाऱ्या मिठू अलूर यांची गोष्ट याच माळेतली. त्यांची मुलगी मालिनी १९६६ मध्ये कोलकात्याला जन्मली. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला आणि तिला सेरेब्रल पाल्सी झाली. फार आशा ठेवू नका, असे डॉक्टरांनी सांगितले. आईवडील मुलीला घेऊन इंग्लंडला गेले. तिथे मुलगी शिकू लागली आणि आईनेही लंडन विद्यापीठात विशेष शिक्षणाचे रीतसर शिक्षण घेतले. भारतात परतल्यावर प्रश्न उरला तो एवढाच, की हिला घालायचे कोणत्या शाळेत? अशी शाळा नव्हतीच. तेव्हा २ ऑक्टोबर १९७२ रोजी कुलाब्यात तीन मुलांना घेऊन वर्ग सुरू झाला. नर्गिस दत्त या संस्थेच्या पहिल्या आश्रयदात्या. नटीचे नाव कार्यक्रमपत्रिकेवर छापायला मिळणे वेगळे आणि तिने पदर खोचून मदतीला उभे राहणे वेगळे. नर्गिसबाईंचे दुसऱ्या प्रकारचे होते.

सेरेब्रल पाल्सी हा आजार नव्हे. जन्माआधी, जन्मताना किंवा त्यानंतर लवकरच मेंदूच्या हालचाल सांभाळणाऱ्या भागाला इजा होते आणि ती तशीच राहते. कुणाचे हातपाय ताठ होतात, कुणाची मान सावरत नाही, कुणाचे ओठ आणि जीभ शब्दाला साथ देत नाहीत. बुद्धीवर परिणाम होतोच असे नाही. अनेकदा ती लख्ख असते. पण ज्याला बोलता येत नाही त्याला समजतही नाही, असे आपण सहज धरून चालतो. घरी आलेला पाहुणा मुलाकडे न बघता आईला विचारतो, 'हा जेवला का?' पाहुणा चांगला माणूसच असतो. पण त्या मुलासाठी असा प्रत्येक प्रश्न म्हणजे एक दार बंद होणे.

कुलाब्याच्या वर्गाचे वेगळेपण होते ते शिक्षण आणि उपचार एका छपराखाली आणण्यात. तोवर अशा मुलाला रुग्णालयात व्यायामाला न्यायचे आणि शिक्षण सोडून द्यायचे, असाच शिरस्ता होता. इथे फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, वाचा उपचार करणारी व्यक्ती आणि शिक्षिका एकाच मुलाभोवती बसून ठरवू लागल्या. सगळ्यात आधी बसण्याचे बघायचे. दोन्ही बाजूंना आधार, पायाखाली फळी, छातीशी पट्टा आणि पुढ्यात कापलेल्या कडेचे मेज. मान स्थिर झाली की नजर स्थिर होते, आणि नजर स्थिर झाली की अक्षर दिसते. मग अक्षरांची पाटी. मूल बोटाने, मुठीने किंवा नुसत्या डोळ्यांनी अक्षर दाखवते आणि समोरचा ते मोठ्याने म्हणून ताडून बघतो. एक वाक्य पुरे व्हायला पाच मिनिटे लागतात. समोरच्याने मधेच वाक्य पुरे करून टाकायचे नाही, ही या कामातली सगळ्यात अवघड शिस्त. याच मालिनीने, म्हणजे मालिनी चिब यांनी, पुढे अख्खे आत्मचरित्र हाताच्या एका करंगळीने टंकित केले. 'वन लिटल फिंगर' या नावाने ते २०१० मध्ये प्रसिद्ध झाले.

वर्ग वाढला तसा शिक्षकांचा प्रश्न आला. विशेष शिक्षक आयात करता येत नाहीत, म्हणून संस्थेने स्वतःच प्रशिक्षण अभ्यासक्रम काढला. तिथे शिकलेली माणसे आणि तिथून प्रेरणा घेतलेले पालक आपापल्या गावी गेले. १९७४ मध्ये कोलकात्यात, पुढे दिल्लीत आणि बेंगळुरूला, १९८५ मध्ये चेन्नईत अशाच संस्था निघाल्या. या साऱ्या मुंबईच्या शाखा म्हणून बांधून ठेवल्या गेल्या नाहीत, स्वतंत्र झाल्या आणि नावेही आपापली घेतली. आपल्याकडे मातृसंस्थेला शाखा म्हणजे वतन वाटण्याची सवय आहे. त्या मानाने ही गोष्ट वेगळी, आणि मोठ्या मनाची. मुंबईत कुलाब्याखेरीज धारावी, चेंबूर आणि वांद्रे रेक्लमेशन इथे काम पसरले. चेंबूरचा भर कौशल्य आणि नोकरी यांवर राहिला. १९८९ मध्ये मिठू अलूर यांना पद्मश्री मिळाली.

इथवरचा इतिहास सरळ चढत जाणारा आहे. असेच चालू राहिले असते तर एक चांगली, मोठी विशेष शाळा झाली असती आणि स्मरणिकेला पुरेसा मजकूर मिळाला असता. पण शाळा पुरी झाली की मुले बाहेर पडतात. बाहेर कुलाबा नव्हते.

मालिनी चिब सेंट झेव्हियर्स महाविद्यालयात गेल्या तेव्हा शाळेतली सोय तिथे नव्हती. पुढ्यात जुन्या दगडी इमारतीचे जिने होते आणि व्हीलचेअर वापरणाऱ्या विद्यार्थिनीची कुणाला सवय नव्हती. मैत्रिणी होत्या, पदवीही मिळाली. पुढे इंग्लंडमध्ये त्यांनी दोन पदव्युत्तर पदव्या मिळवल्या, एक स्त्री-पुरुष अभ्यासातली आणि दुसरी ग्रंथालय-माहितीशास्त्रातली. तिथे त्यांना विजेवर चालणारी खुर्ची मिळाली, आणि तिच्यात बसून एकटीने बसने जाता येऊ लागले. त्यांच्या लिखाणात हा अनुभव ठळकपणे येतो. शरीर तेच होते, अपंगत्वही तेच. फरक होता तो फुटपाथच्या उताराचा आणि बसच्या दाराचा. मुंबईला परतले की पुन्हा कुणीतरी उचलून नेणारे हवे! मुंबईत त्यांनी ऑक्सफर्ड बुकस्टोअरमध्ये कार्यक्रम व्यवस्थापक म्हणून नोकरी केली, आणि १९९९ मध्ये आईच्याच संस्थेत हक्कांसाठी लढणारा गट उभा केला. तोच ॲडॅप्ट राइट्स ग्रुप. त्याच्या अग्रभागी पालक किंवा तज्ज्ञ नव्हते, स्वतः अपंग असलेल्या व्यक्ती होत्या.

माझ्या मते संस्थेच्या इतिहासातली खरी सीमारेषा इथे आहे. पालक मागतो तेव्हा त्याच्या मागण्यात काळजी असते: माझ्यानंतर याचे कसे होणार? मूल स्वतः मागते तेव्हा त्यात सरळ हिशेब असतो. मी कर भरते, मत देते, मग स्थानकाच्या फलाटावर मला का पोचता येत नाही? काळजीतून वसतिगृह उभे राहते, हिशेबातून उतार आणि लिफ्ट. दोन्ही लागतात. पण आपण दीर्घकाळ पहिल्यावरच समाधान मानले.

१९९९ हे वर्ष आणखी एका कारणासाठी महत्त्वाचे. त्याच सुमारास मिठू अलूर यांचा लंडन विद्यापीठातला प्रबंध पुरा झाला होता. 'इन्व्हिजिबल चिल्ड्रेन' हे त्याचे नाव आणि धोरणातून वगळल्या गेलेल्या मुलांचा अभ्यास हा त्याचा विषय. एकात्मिक बालविकास योजना, म्हणजे आपली अंगणवाडी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. कुलाब्याच्या वर्गाची आणि तिची तारीख एकच, मधे तीन वर्षांचे अंतर. सहा वर्षांखालच्या प्रत्येक गरीब मुलापर्यंत पोचण्याची ही देशातली सर्वांत मोठी यंत्रणा. प्रबंधाने दाखवून दिले की व्यवहारात अपंग मूल त्या यंत्रणेच्या बाहेरच राहिले होते. कुणी मुद्दाम हाकलले नव्हते. अंगणवाडीताईला तशा सूचना नव्हत्या आणि प्रशिक्षणही नव्हते. आईला वाटे, आपले मूल तिथे चालणार नाही. वस्तीतले मूल असे घराच्या कोपऱ्यातच मोठे होई. हे कागदावर आल्यावर संस्थेने धारावीत अंगणवाड्यांमध्ये अपंग आणि इतर मुलांना एकत्र बसवण्याचे प्रयोग केले. ताई तीच, खोली तीच, खिचडी तीच. भर पडली ती प्रशिक्षणाची आणि आयांच्या बैठकांची.

१९९९ मध्येच कॅनडाच्या साहाय्याने 'नॅशनल रिसोर्स सेंटर फॉर इन्क्लूजन' सुरू झाले आणि संस्थेने आपल्या मुलांना सर्वसामान्य शाळांत पाठवायला सुरुवात केली. हा निर्णय आतल्या माणसांना किती जड गेला असेल याची कल्पना करता येते. पंचवीस वर्षे घडवलेली विशेष शाळा, आणि आता म्हणायचे की मुलांची खरी जागा शेजारच्या शाळेत आहे! पालकांची भीतीही खोटी नव्हती. साठ मुलांच्या वर्गात याच्याकडे कोण बघणार? शी-शूचे काय? मधल्या सुट्टीत चिडवतील. या प्रश्नांची उत्तरे भाषणाने मिळत नाहीत. मदतनीस, लेखनिक, तळमजल्यावरचा वर्ग, परीक्षेत जादा वेळ, असे एकेक करून ती सोडवावी लागतात. आजही सोडवावी लागतात, कारण लेखनिकाचा आदेश असला तरी लेखनिक शोधायची धावपळ बहुधा आईलाच करावी लागते.

कायद्याचा भाग थोडक्यात सांगतो, कारण तो सगळीकडे सापडतो. अपंगांसाठीचा पहिला केंद्रीय कायदा १९९५ चा, अमलात आला ७ फेब्रुवारी १९९६ ला. त्यात सात प्रकारची अपंगत्वे होती. सेरेब्रल पाल्सी हालचालीच्या अपंगत्वाच्या व्याख्येत शेवटी कशीबशी बसवलेली. २००१ च्या जनगणनेत अपंगत्वाचा प्रश्न यावा म्हणून देशभरच्या संघटनांना भांडावे लागले. तो आल्यावर २ कोटी १९ लाख माणसे मोजली गेली. २०११ मध्ये २ कोटी ६८ लाख, त्यांपैकी २९ लाखांहून अधिक महाराष्ट्रात. मोजणीतच नसलेल्यांसाठी तरतूद कोण करणार? १ ऑक्टोबर २००७ रोजी भारताने संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क करारावर शिक्कामोर्तब केले. त्यानंतर २०१६ चा नवा कायदा आला. अपंगत्वांचे प्रकार २१ झाले आणि सरकारी नोकऱ्यांतले आरक्षण ३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर गेले.

आता फाटकाबाहेर येऊ. मुंबई उपनगर जिल्ह्याचे मुख्यालय वांद्र्यातच आहे, आणि या जिल्ह्याचे सारे आयुष्य लोकलच्या रुळांवरून चालते. लोकलमध्ये अपंगांसाठी राखीव डबा असतो. फलाटावर तो जिथे थांबतो तिथे खूण असते आणि दृष्टिहीनांसाठी टूक टूक वाजणारे यंत्र. या सोयी भांडून मिळालेल्या आहेत, त्यांना कमी लेखू नये. पण व्हीलचेअरवरच्या माणसाला त्या डब्यात चढता येत नाही, कारण फलाट आणि डबा यांच्यामध्ये उंचीचाही फरक आहे आणि फटही. ११ जानेवारी २०१४ रोजी घाटकोपर स्थानकात गाडी पकडताना एक विद्यार्थिनी या फटीत पडली आणि तिचे दोन्ही हात गेले. प्रकरण गाजले, उच्च न्यायालयात पोचले आणि उपनगरी फलाटांची उंची वाढवण्याच्या कामाला वेग आला. १९८९ मध्ये रेल्वे अपघातात दोन्ही पाय गमावलेले बोरिवलीचे समीर झवेरी तर कित्येक वर्षे माहितीचा अधिकार आणि जनहित याचिका ही दोनच हत्यारे घेऊन रेल्वेशी झुंजत आले. स्थानकांवर तातडीच्या वैद्यकीय मदतीची सोय व्हावी यासाठी त्यांनी दिलेला लढा उपनगरातल्या प्रत्येक प्रवाशाच्या कामाचा आहे. धडधाकट प्रवाशाच्याही.

त्याच २०१४ मध्ये ८ जूनला वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो सुरू झाली. ११.४ किलोमीटर, १२ स्थानके. रस्त्यावरून लिफ्टने वर जायचे, फलाटाच्या पातळीतच असलेल्या दारातून खुर्ची आत न्यायची, घाटकोपरला उतरायचे. हे सगळे कुणी उचलल्याशिवाय. पाच महिन्यांपूर्वी जिथे फलाटाच्या फटीने हात घेतले होते, त्याच घाटकोपरला. उपनगरांत हे शक्य नाही असे म्हणणाऱ्यांचे तोंड त्या दिवशी बंद व्हायला हवे होते. झाले नाही. कारण मेट्रोतून खाली उतरले की पुन्हा फुटपाथ लागतो. मोटारसायकली वर चढू नयेत म्हणून फुटपाथच्या तोंडाशी लोखंडी खांब रोवलेले असतात, आणि ते इतके जवळ की खुर्चीही जात नाही. एका व्हीलचेअर वापरणाऱ्या तरुणाने याबद्दल लिहिलेल्या पत्रावरून मुंबई उच्च न्यायालयाने जनहित याचिका दाखल करून घेतली आणि महापालिकेला उत्तरे द्यावी लागली.

आणि उतार! या विषयातल्या कुठल्याही कार्यकर्त्याला विचारा, तो आधी उतारावर बोलेल. नियम साधा आहे: एक फूट उंची चढायची तर बारा फूट लांबीचा उतार हवा. दोन पायऱ्या, म्हणजे साधारण फूटभर उंची, यांच्यासाठी बारा फूट जागा. अंधेरी-मुलुंडच्या किती गृहनिर्माण सोसायट्यांच्या दाराशी एवढी जागा सोडलेली दिसते? बहुतेक ठिकाणी चार फुटांत काम उरकलेले असते. तो उतार कसला, घसरगुंडीच. वर गुळगुळीत फरशी. कमिटीच्या दफ्तरी मात्र 'रॅम्प केला' अशी नोंद. पहिल्यांदा त्यावर पाय घसरतो तो बहुधा चिटणिसांच्या वडिलांचा, आणि मग विषय अजेंड्यावर येतो. अपंगांसाठी मागितलेली सोय शेवटी साऱ्या म्हाताऱ्यांच्या, गरोदर बायांच्या, बाळगाडीवाल्या आयांच्या उपयोगी पडते, हे कार्यकर्ते सांगून सांगून थकले.

मालिनी चिब यांच्या आयुष्यावरून सुचलेला 'मार्गारिटा विथ अ स्ट्रॉ' हा चित्रपट २०१४ चा. दिग्दर्शिका शोनाली बोस त्यांच्या नात्यातल्या बहीण. अपंग मुलीला प्रेम, शरीर, इच्छा असतात हे त्याने पडद्यावर आणले. काही प्रेक्षकांना ते रुचले नाही, आणि ते न रुचणे बोलके आहे. शिक्षण, नोकरी इथवर आपण अपंगांचे हक्क मान्य करतो. लग्नाची गोष्ट निघाली की आवाज खाली येतो.

लग्नाचा आणखी एक प्रसंग रेक्लमेशनपासून फार लांब नाही घडला. ऑक्टोबर २०२३ मध्ये विराली मोदी या व्हीलचेअर वापरणाऱ्या कार्यकर्त्या खारच्या विवाह नोंदणी कार्यालयात लग्नासाठी गेल्या. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही, अधिकारी खाली यायला तयार नाहीत. नवरीला उचलून वर न्यावे लागले. त्यांनी हे जाहीरपणे लिहिले तेव्हा गदारोळ झाला आणि तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी दिलगिरी व्यक्त केली. २०१६ च्या कायद्याच्या ४५ व्या कलमाने अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती सुगम करायला, नियम जाहीर झाल्यापासून, पाच वर्षांची मुदत दिली होती. नियम जाहीर झाले १५ जून २०१७ ला. म्हणजे नवरी जिना चढवली गेली तेव्हा मुदत संपून सोळा महिने उलटले होते. सुगमतेचे नियम सूचनावजा ठेवल्यामुळे कायदाच पोकळ होतो, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ ला दिला आणि बंधनकारक नियम करायला केंद्र सरकारला तीन महिन्यांची मुदत घालून दिली. रेक्लमेशनच्या हक्कगटाने १९९९ मध्ये उचललेला मुद्दा असा पंचवीस वर्षांनी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या तोंडून आला. उपनगरातल्या कोणत्या सरकारी कार्यालयाला लिफ्ट आहे आणि कोणत्याला नाही, याची यादी करायचे काम मात्र अजून त्या गटासारख्यांच्याच वाट्याला येते.